घर आलं की वाजतं

बाबांना मी अजून सायकल चालवू देते म्हणून समोरच्या काकू माझ्याकडे कशा बघतात, ते मला चांगलं कळतं. या काकूंनी एक दिवस बाबांना घरात ठेवून दाखवावं. सकाळी सायकल बाहेर निघाली नाही की बाबा दाराची कडी हलवायला लागतात. आधी चिडून, मग काकुळतीला येऊन, आणि दुपारनंतर लहान मुलासारखं हमसून हमसून. तेच बाबा सायकलवर बसले की पाठ ताठ, नजर समोर, पायांत एक लय. डॉक्टर म्हणाले, पाय विसरत नाहीत. बाकी सगळं विसरायला त्यांना कुणाची परवानगी लागली नाही.

आमच्या बाबांना सायकल क्लबात 'होकायंत्र' म्हणत. लांब पल्ल्याच्या राइडचे सगळे रस्ते तेच आखायचे, पेन्सिलीने, कागदावर, चढाच्या ठिकाणी लहानशी फुली मारून. क्लबातली मंडळी हँडलला जीपीएस लावायला लागली तेव्हा बाबांनी त्यांची यथेच्छ टर उडवली होती. "रस्ता डोक्यात हवा, खिशात नको," असं म्हणत पुढे निघून जायचे. आणि मग एक दिवस तेच बाबा घरापासून हाकेच्या अंतरावर, सिग्नलपाशी सायकल धरून नुसते उभे राहिले. सिग्नल हिरवा होत होता, लाल होत होता. शेवटी ट्रॅफिक पोलिसाने त्यांच्या खिशातलं ओळखपत्र काढून मला फोन केला.

तेव्हा मी क्लबातल्या एकाकडून त्याचं जुनं जीपीएस घेतलं. मुठीत मावणारं, दोन सेलवर चालणारं, बटणं झिजलेलं. मी लॅबमध्ये दात बनवते, म्हणजे कवळ्या. मेणात एकेक दात बसवायचा, चावा जुळतो का बघायचं, केसभर इकडेतिकडे झालं की पुन्हा काढून लावायचं. त्यामुळे संध्याकाळी कॉम्प्युटरवर नकाशा उघडून रस्त्याची रेषा काढायला मला जड गेलं नाही. रेषा यंत्रात भरायची, की पडद्यावर ती जांभळी दिसते आणि तिच्यावर एक छोटा बाण सरकतो. तो बाण म्हणजे बाबा. बाण रेषेवर ठेवायचा, बास. एवढं त्यांना जमत होतं.

पण नुसत्या रेषेने भागत नाही. बाबा तहान विसरायला लागले होते, भूकही. मग मी रेषेवर खुणा पेरायला सुरुवात केली. खूण जवळ आली की यंत्र वाजतं आणि पडद्यावर शब्द येतो. जुन्या यंत्रात शब्द लहानच मावायचे. 'पाणी'. 'केळं'. 'डावीकडे'. 'उतार, ब्रेक'. 'बाक, बसा'. आणि सगळ्यात शेवटी, आमच्या फाटकावर, 'घर'. ते वाजलं की बाबा उतरायचे आणि सायकल भिंतीला लावायचे. क्लबातल्या लोकांना वाटायचं, म्हातारा अजून काय शिस्तीत आहे! ती शिस्त मी आदल्या संध्याकाळी कणीक भिजायला ठेवून टाइप केलेली असायची.

या उद्योगात एक चूक मी एकदाच केली. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा रस्ता आखला होता, जाता-येता एकाच चौकातून जाणारा. चौकात दोन रेषा एकमेकींना कापतात, आणि यंत्र दोन्ही सारख्याच जांभळ्या दाखवतं. धडधाकट माणूस म्हणतो, अरे, इथून तर मी आत्ताच आलो, आणि दुसरी रेषा धरतो. बाबांकडे ते 'आत्ताच' उरलेलं नव्हतं. मी स्कूटर घेऊन शोधत गेले तेव्हा ते तोच फेरा पुन्हा पुन्हा मारत होते, ओठ पांढरे पडलेले, आणि प्रत्येक फेरीत त्याच जागी 'पाणी' वाजलं म्हणून बाटली रिकामी. त्या दिवसापासून मी नियम केला. रेषेने रेषेला कापायचं नाही. कालव्याच्या कडेने सरळ जायचं, पुढच्या गावाच्या पुलावरून ओलांडायचं, पलीकडच्या कडेने परत यायचं. अंडाकृती, साधं, चुकायला जागाच नाही.

हे सगळं मी दादाला सांगितलं नव्हतं असं नाही. फोनवर सांगितलं, डॉक्टरांचा रिपोर्ट पाठवला. दादा म्हणाला, "रिपोर्ट काय गं, या वयात माझाही खराब येईल." दादा दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर आहे. तिथे तो लोकांना अडचणी सांगायला बोलावतो आणि अडचण कशी नाहीच ते समजावून परत पाठवतो. घरच्यांशीही त्याला तेच जमतं. पन्नाशी जवळ आल्यावर त्यालाही सायकलीचं वेड लागलं आहे. त्याची सायकल एका बोटावर उचलता येते, आणि तो ती उचलून दाखवतोही.

या वेळी मात्र मला दादा हवा होता. आमच्या लॅबच्या मालकीणबाई दुसऱ्या शहरात नवी लॅब काढत होत्या आणि ती मी सांभाळावी असं त्यांनी स्वतः विचारलं होतं. इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या हाताखाली मेण वितळवलं. आता माझं टेबल खिडकीशी असणार होतं, कारागीर मी निवडणार होते, दातांच्या रंगावर शेवटचा शब्द माझा असणार होता. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं, की रात्री कूस बदलताना मी त्या नव्या लॅबचे ओटे कुठे येतील ते मांडत असायची. फक्त एक वर्षभर दादाने बाबांना घेऊन जायचं होतं. लॅब मार्गी लागली की मी त्यांना माझ्याकडे आणणार होते. मालकीणबाईंना महिनाअखेरपर्यंत उत्तर हवं होतं.

"येतो," मी फोनवर हे विचारलं तेव्हा दादा म्हणाला. "बाबांबरोबर एक-दोन राइड मारतो, म्हणजे मला कळेल खरं काय ते." बोलण्याचा सूर असा, की मी काहीतरी रचून सांगते आहे.

शुक्रवारी संध्याकाळी दादा गाडीच्या टपावर सायकल बांधून आला. शनिवारी दोघे माझ्या नेहमीच्या कालव्याच्या रस्त्याने गेले आणि जेवणाच्या वेळेला परत आले. दादाचा चेहरा फुललेला. हात धुता धुता तो मला ऐकवत होता, आणि मी पोळ्या लाटत होते.

"अगं, मला दम लागला, यांना नाही! आणि काय शिस्त! मी विसरलो, पण यांनी बरोबर वेळेवर पाणी प्यायलं."

"हं," मी म्हटलं.

"उताराच्या आधीच ब्रेक! आणि बाकावर बसून केळं काढलं, अर्धं मला दिलं. तू म्हणतेस त्यांना काही आठवत नाही."

"दादा, ते मी घातलंय त्यात. यंत्र वाजतं म्हणून पितात."

"यंत्र काय, माझ्याकडेही आहे. म्हणून मी काय वेडा झालो?"

मी दिवसभर लोकांचे दात बसवते आणि स्वतःच्या भावापुढे माझी दातखीळ बसते. बाबा ताटावर बसले होते. त्यांनी वाटीतली आमटी संपवली आणि दुसरी वाटी कुठे आहे ते शोधत राहिले. दुसरी वाटी नव्हतीच. दादा मान खाली घालून जेवत होता.

दुपारी तो माझ्या कॉम्प्युटरवर बसला. "उद्या जरा मोठी मारतो. तुझा रस्ता कंटाळवाणा आहे गं, नुसता कालवा. मी तलावाचा फेरा जोडलाय. आणि जाण्याची-येण्याची भानगड नको म्हणून सगळी एकच फाईल केली, सुटसुटीत." मी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. पुलाच्या चौकातून रेषा तलावाकडे जात होती, तलावाला वळसा घालत होती, आणि त्याच चौकात परत येऊन स्वतःलाच कापत होती.

जीभ अगदी टोकाशी आली होती. दादा, असं करू नकोस, चौकात ते पुन्हा तलावाकडे वळतील. एवढंच म्हणायचं होतं. पण मी म्हटलं नाही. मुद्दाम. बरोबर हा आहे, मोबाइल आहे, पाणी जास्तीचं देईन. एकदा याच्या डोळ्यांना दिसू दे. माझ्या तोंडचं याला पटत नाही ना, मग बाबांचंच पटू दे. मी माझ्या खुणा त्याच्या रेषेवर नीट बसवल्या, तलावाच्या काठी दोनदा 'पाणी' घातलं, आणि यंत्र चार्ज केलेल्या सेलसकट बाबांच्या हँडलवर अडकवलं.

रविवारी जेवणाची वेळ टळून गेली. मी भात पुन्हा गरम केला, झाकून ठेवला. दादाला फोन लावला, त्याने उचलला नाही, मग 'ठीक आहोत' एवढा मेसेज आला. उन्हं कलायला लागली तेव्हा मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. आतून धास्ती होती, आणि खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही होता. आज दादा येईल तो वेगळा होऊन येईल असं मला वाटत होतं. सुटकेसमध्ये काय काय भरायचं, बाबांचा कोणता स्वेटर, कोणती उशी, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

आधी बाबा आले. पाठ ताठ, पायांत तीच लय. बऱ्याच मागे दादा, मान खाली, हेल्मेट तिरकं, ओठांना मीठ आलेलं. फाटकाशी यंत्र वाजलं. बाबांनी पडद्याकडे पाहिलं, 'घर', आणि ते उतरले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसले. परक्या माणसाकडे बघून अदबीने हसतात तसं.

"अहो ताई, जरा पाणी मिळेल का?" ते म्हणाले. "लांबून आलोय. जास्त वेळ नाही थांबणार. माझी मुलगी वाट बघत असेल घरी."

मला बाबांनी आयुष्यात कधी 'अहो' म्हटलं नव्हतं. मी त्यांची बारकी. अगं, तुगं, बारके, कार्टे, हेच मी ऐकत आले. आठवत नाही, विसरतात, हे सगळं मी सोसलं होतं, पण हे पहिल्यांदा होत होतं. मी दादाकडे पाहिलं. दादा दोन हातांवर होता. त्याने ऐकलं होतं. आमची नजरानजर झाली, त्यात गैरसमजाला जागा नव्हती. मग तो खाली बसला आणि सायकलचं पुढचं चाक काढायला लागला. चाकाची कळ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मी बाबांना पाणी आणून दिलं. त्यांनी ते उभ्याने प्यायलं आणि मला "आभारी आहे" म्हणाले.

बाबा आत जाऊन आडवे झाल्यावर मी दादापुढे ताट ठेवलं. "इतका उशीर का झाला?"

"तलावाला दोन फेऱ्या झाल्या. काय स्टॅमिना आहे त्यांचा, मानलं पाहिजे."

"दोन का मारल्या?"

"मूड आला असेल."

"तू विचारलंस त्यांना?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

दादाने भात कालवला, पुन्हा कालवला. "म्हणाले, रेषा इकडे जाते."

"आणि मग?"

"मग तिसऱ्यांदा वळायला लागले तेव्हा मी सायकल आडवी घातली. चिडले. मला म्हणाले, बाजूला हो रे, कोण आहेस तू?" एवढं बोलून तो थांबला. मला वाटलं, आता. आता बोलेल. मी हातातला वाढण्याचा चमचासुद्धा खाली ठेवला नाही, आवाज होऊ नये म्हणून. दादा पाणी प्यायला आणि म्हणाला, "ऊन फार होतं आज. उन्हात माझंही डोकं फिरतं."

"दादा, फाटकात मला काय म्हणाले ते तू ऐकलंस."

"थकले होते गं ते. थकलेल्या माणसाचं काय मनावर घेतेस?"

सकाळी निघताना त्याने सगळं पाठ करून आणलेलं मला म्हणून दाखवलं. अशा माणसाला ओळखीच्या जागेतून हलवायचं नसतं, सगळे हेच सांगतात. त्याच्याकडे सतरावा मजला, सायकल काढायची कुठे? वहिनीची तब्येत. मुलांची परीक्षा. आणि मुख्य म्हणजे बाबांची घडी इथे तुझ्या हाताने इतकी छान बसली आहे, ती मोडायची का? मी ऐकत होते. माझ्या खुणांची, माझ्या अंडाकृती रस्त्यांची तो पहिल्यांदाच तारीफ करत होता, आणि त्या तारिफेने माझ्या दाराला बाहेरून कडी लागत होती.

"ज्या दिवशी ते तुला ओळखणार नाहीत ना, त्या दिवशी मला फोन कर," तो गाडीत बसून म्हणाला. "मी स्वतः येऊन घेऊन जाईन. शब्द देतो."

"तो दिवस काल होता," मी म्हटलं. गाडी सुरू झाली होती. त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

मालकीणबाईंना मी नाही म्हणून कळवलं. त्यांनी कारण विचारलं, मी "घरचं आहे" म्हटलं, त्यांनी पुढे विचारलं नाही. नवी लॅब आता माझ्या हाताखालच्या मुलीकडे गेली आहे. मेण किती तापवायचं ते तिला मीच शिकवलं होतं. जाताना ती माझ्या पाया पडली, आणि मी तिला तोंड भरून आशीर्वाद दिला. तिची काय चूक होती? पण त्या दिवशी मी एका कवळीचे पुढचे दात तीनदा काढून लावले आणि तीनही वेळा वाकडेच बसवले.

आठवड्याभराने दादाकडून खोकं आलं. नवं जीपीएस. मोठा पडदा, रंगीत, नको तितक्या गोष्टी करणारं. चिठ्ठी नव्हती, फोन आला. "यात म्हणे लांबच लांब वाक्यं मावतात. तुझं कामच सोपं झालं की नाही?" मी खोकं दोन दिवस उघडलंच नाही. नाकाने कांदे सोलणारा माझा भाऊ शेवटी बापाच्या बदल्यात यंत्र पाठवून मोकळा झाला, असं मला वाटत होतं आणि अजूनही वाटतं.

पण फाटकातलं ते "अहो ताई" आता रोजचं झालं होतं. रोज मी पाणी आणून द्यायची, रोज ते माझे आभार मानायचे, रोज म्हणायचे की मुलगी वाट बघत असेल. एकदा मी म्हटलं, "बाबा, मीच ती." ते घाबरून मागे सरले. त्या संध्याकाळी मी खोकं फोडलं. कालव्याची रेषा भरली, खुणा भरल्या. आणि फाटकावरच्या खुणेत, जिथे इतके दिवस नुसतं 'घर' होतं, तिथे आता जागा होती म्हणून लिहिलं: 'घर. फाटकात उभी आहे ती तुमची मुलगी, बारकी. तिला हाक मारा.'

मला दुसरं काही नको होतं. रडतेय, कांगावा करतेय, काय म्हणायचं ते म्हणा. मला दिवसातून एकदा माझ्या बापाच्या तोंडून माझं नाव हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी फाटकात उभी होते तेव्हा नेमका दादाचा फोन आला. यंत्र आवडलं का, चालतंय का. मी "चालतंय" म्हणत होते तेवढ्यात बाबा वळणावर दिसले. आले. यंत्र वाजलं. ते थांबले, मान खाली घालून त्यांनी सावकाश वाचलं, ओठ हलवत. मग वर बघितलं आणि जुन्या, खणखणीत आवाजात हाक मारली, "बारके! आलो गं मी!"

फोन माझ्या कानाला होता.

"ऐकलं! ऐकलं मी!" दादा पलीकडून ओरडला. आनंदाने ओरडला, सुटल्यासारखा. "बघ! ओळखतात की तुला! उगाच जिवाला घोर लावतेस, आणि माझ्याही. चल, मला मीटिंग आहे." त्याने फोन ठेवला.

बाबांनी सायकल भिंतीला लावली. हँडलवरचं यंत्र खटकन काढलं, बटण दाबून बंद केलं आणि पडदा काळा झाल्यावर ते दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"अहो ताई," ते म्हणाले, "हे जरा चार्जिंगला लावता का?"